गावतळ्यात पोहता यावं म्हणून : कामाच्या नोंदी, २०२५

तळं दोन एकरांचं. घाटापाशी पुरुषभर पाणी, मध्ये दोन पुरुष. घाट पूर्वेला, वस्ती उत्तरेला, सांडवा दक्षिणेच्या कोपऱ्यात. उन्हाळ्यात गावातली पोरं पाठीला डबा नाहीतर ट्यूब बांधून इथंच पोहायला शिकतात. आम्ही सकाळचे पाच-सहा जण बारमाही पोहणारे. मागच्या मे महिन्यात पोरांना जुलाब, अंगाला खाज, कान वाहणं इतकं वाढलं की आयांनी पोरं पाठवणंच बंद केलं. त्यातून हे काम निघालं. मी नळकाम करतो, म्हणून या नोंदींत पाइप जास्त आणि पर्यावरण कमी आहे.

९ फेब्रुवारी

तळ्याला पायी फेरी मारली. सकाळी साडेसहाची वेळ मुद्दाम धरली, कारण घराघरांत न्हाणी-संडास तेव्हाच चालू असतात. फेब्रुवारीत पाऊस नाही, कालव्याचं पाणीही इकडे येत नाही. मग तळ्यात जे वाहत येतंय ते कुणाच्या तरी घरातलंच. उत्तरेचा ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो असं सगळे सांगतात. त्यात मनगटाएवढी धार होती. नऊ वाजता परत गेलो तर करंगळीएवढी.

भरावाखाली बेशरमीच्या झुडपात एक सहा इंची सिमेंटचा पाइप सापडला. कधी टाकला, कुणी टाकला, कुणाला ठाऊक नाही. तोंडाशी काळा गाळ आणि नासक्या अंड्याचा वास. दक्षिणेला म्हशी धुतात, पश्चिमेला टेम्पो.

फोटो काढताना चौकटीत खांब किंवा झाड येऊ द्या. झुडपं वाढली की नुसत्या पाइपाच्या फोटोवरून जागा सापडत नाही.

१६ फेब्रुवारी

श्रमदान. मला ते आत्ता नको होतं, पण कचरा काढल्याशिवाय लोक जमत नाहीत हेही खरं. जलपर्णी, निर्माल्य, बाटल्या, देवांच्या फुटक्या तसबिरी. उपसलेली जलपर्णी भरावावरच रचून ठेवली. चार दिवसांत ती कुजली आणि तिचं काळं पाणी पुन्हा तळ्यात उतरलं. मग ट्रॅक्टर लावून दोन खेपा लांबच्या शेतात टाकल्या, खेपेला १२०० रुपये. ट्रॉली आधी ठरवा, माणसं मागाहून बोलवा.

तळं दिसायला छान झालं. पाण्यात काय आहे ते दिसत नव्हतंच, आणि ते तसंच होतं. पुढचे आठ दिवस जो तो ‘झालं की आता स्वच्छ’ म्हणत होता. त्यांना थोपवण्यात माझा बराच वेळ गेला.

२४ फेब्रुवारी

पाण्याचे नमुने. आधी जलसुरक्षकाकडून, म्हणजे गावचं पिण्याचं पाणी तपासणाऱ्या माणसाकडून, एच टू एसच्या बाटल्या घेतल्या. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायचं, काळं झालं की पाण्यात घाण आहे. सगळ्या बाटल्या रात्रीतच काळ्या. ही चाचणी पिण्याच्या पाण्याची आहे. उघड्या तळ्याचं पाणी तिथं नापासच होणार, म्हणून तिच्यात पैसे घालू नका.

मग खासगी प्रयोगशाळा, नमुन्याला ७०० रुपये. अहवालात आलं : विष्ठाजन्य कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू, ‘१६०० पेक्षा जास्त’. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आंघोळीच्या पाण्याच्या निकषात १०० मिलिलिटरला ५०० असावेत, कमाल २५०० पर्यंत चालतात. म्हणजे आमचं पाणी चालणाऱ्यातलं की न चालणाऱ्यातलं, एवढंच या अहवालातून कळत नव्हतं. लॅबमधल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “काका, तक्ता तिथंच संपतो. तुम्ही तळ्याचं पाणी आहे म्हणून आधी सांगितलं असतं तर पातळ करून लावलं असतं.” पिण्याचं पाणी समजून त्यांनी नेहमीच्या नळ्या लावल्या होत्या. पैसे गेले. नमुना देतानाच ‘दहापट आणि शंभरपट पातळ करून लावा’ असं अर्जावर लिहून घ्या.

४ मार्च

पुन्हा नमुने, या वेळी तीन ठिकाणी. घेण्याची पद्धत त्या पोरानंच शिकवली. बाटली निर्जंतुक आणि लॅबचीच. कमरेएवढ्या पाण्यात जायचं, बाटली उपडी धरून फूटभर खाली न्यायची आणि तिथं उलटवून भरायची. काठावरचं पाणी नको, वरचा तवंग नको. बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांच्या आत पोचवायचं. वेळ दर वेळी एकच. दुपारच्या उन्हानं वरच्या थरातले जंतू मरतात, त्यामुळे सकाळचा एक नमुना आणि दुपारचा एक असं केलं तर पाणी सुधारल्याचा भास होतो.

घाट ५४००. तळ्याच्या मध्यावर १३००. ओढ्याच्या तोंडाशी १,६०,००० पेक्षा जास्त.

हे तीन आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चहाच्या टपरीवर लावले. श्रमदानात न आलेले लोकही ते वाचत होते.

२३ मार्च

घाण कुठल्या घरांतून येते हे शोधायचं होतं. रंग सोडायचा ठरवलं, पण रंगपंचमी होईपर्यंत थांबावं लागलं. त्या आठवड्यात गावातलं प्रत्येक गटार रंगीतच असतं.

फ्लुरोसिन नावाची पूड मिळते. चिमूटभर टाकली की पाणी चमकदार हिरवं होतं आणि काळ्या सांडपाण्यातही ओळखू येतं. छोटी बाटली हजाराच्या आत मिळाली. गुलाल किंवा खायचा रंग वापरू नका, गटारात तो दहा फुटांत नाहीसा होतो. हातमोजे घाला. माझी बोटं आठवडाभर पिवळी होती आणि गिऱ्हाइकं विचारत होती.

पहिल्या दिवशी गल्लीतल्या घरांच्या संडासात पूड टाकून ओढ्यावर जाऊन बसलो. दुपारपर्यंत काही नाही. या घरांचा काही संबंध नाही असं धरून आम्ही वरच्या गल्लीत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा हिरवागार, आणि आता हा रंग कुठल्या गल्लीचा ते सांगता येईना. कारण साधं होतं. संडासातलं पाणी आधी सेप्टिक टाकीत जातं, तिथं रेंगाळतं आणि मग बाहेर पडतं. टाकी असलेल्या घराला रंग टाकीच्या बाहेरच्या चेंबरमध्ये टाकायचा. न्हाणीचं पाणी थेट गटारात जात असेल तर न्हाणीत टाकला तरी चालतो. रंग पुरता निघून जायला आठवडा दिला आणि पुन्हा केलं. त्या वेळी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळत गेलं.

निघालं ते असं. बहुतेक टाक्यांना शोषखड्डाच नाही, बाहेरचा पाइप सरळ गटारात. बऱ्याच टाक्या बांधल्यापासून उपसलेल्याच नाहीत. खरं तर दोन-तीन वर्षांनी उपसा हवा. गाळानं भरलेली टाकी म्हणजे नुसता एक रुंद पाइप, त्यातून मैला जसाच्या तसा पुढे जातो. आणि झुडपातला तो सहा इंची पाइप एका सार्वजनिक शौचालयाचा निघाला.

रंग सोडायच्या आदल्या दिवशी गल्लीत सांगून ठेवा. आमच्याकडे ‘कारखान्यानं विष सोडलं’ अशी अफवा उठली आणि ती निस्तरण्यात संध्याकाळ गेली.

६ एप्रिल

गल्लीतल्या सगळ्यांना शोषखड्डे करायला लावायचं तर वर्ष जाईल, आणि जागा तरी कुठं आहे? म्हणून ठरलं की ओढ्याची उन्हाळी धार तळ्याच्या तोंडाशी अडवायची आणि काठाकाठानं पाइपातून भुयारी गटाराच्या चेंबरला न्यायची. चेंबर १४० मीटरवर. गल्ली खोलगट असल्यानं तिला हे गटार कधी जोडलंच नव्हतं. सांडव्याखाली ओढ्यात सोडून द्या, काम निम्म्या पैशात होतं, असं बरेच जण म्हणाले. खाली ओढ्याकाठी लोक भाजीपाला करतात, म्हणून ते केलं नाही. परवानगीला मार्च अख्खा गेला. अर्जाला लॅबचा अहवाल आणि हिरव्या ओढ्याचे फोटो जोडले तेव्हा फाइल हलली.

१६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला. उतार मिळत होता मीटरभरच, म्हणजे १४० ला १. घरातल्या ११० च्या पाइपाला आम्ही ६० ला १ देतो, इतका उतार इथं नव्हताच, म्हणून व्यास वाढवला.

चर जेसीबीनं मारला, पातळी पाण्याच्या नळीनं काढली. मधल्या टप्प्यात मुरूम लागला, तिथं चालकानं चर थोडा वर घेतला आणि पुढे पुन्हा खोल केला. पाइपाला पोट पडलं. चाचणीला बादलीनं पाणी सोडलं तेव्हा ओतलेल्यापेक्षा बरंच कमी बाहेर आलं. तेवढा भाग पुन्हा उकरला, मुरूम पहारीनं फोडला, खाली वाळू दिली. चर बुजवायच्या आधी पाणी सोडून पाहिलं होतं म्हणून एवढ्यावर निभावलं.

पाइप ५२ हजार, जेसीबी, चेंबर, सिमेंट, जाळी धरून नव्वदच्या आसपास. मजुरी माझी आणि दोन पोरांची, ती धरलेली नाही. शौचालयाचा पाइप याच चेंबरला घेतला.

१३ एप्रिल

तोंडाची जाळी दोन दिवसांत तुंबली आणि सगळं पाणी बांधावरून पुन्हा तळ्यात. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, पॅड. गज इंचाच्या अंतरानं, उभे बसवले होते. ते काढून दोन इंचांवर, तिरपे बसवले, म्हणजे कचरा वर सरकतो आणि पंजानं ओढता येतो. पण ओढणार कोण? श्रमदानाला आलेले पन्नास जण इथं कामाचे नाहीत, इथं एकच माणूस हवा आणि रोज हवा. टपरीवाल्या दादांना महिन्याला ५०० रुपये ठरवले. सकाळी दुकान उघडायच्या आधी ते जाळी साफ करतात आणि भिंतीवर खडूनं तारीख टाकतात. या कामातला सर्वांत उपयोगी खर्च हाच, आणि वर्गणी मागताना सर्वांत अवघड जातो तोही हाच.

२० एप्रिल

घाट ७९०, मध्य १७०. दोन्ही कमाल मर्यादेच्या बरंच खाली, घाट मात्र ५०० च्या वरच.

उरलेलं बहुधा म्हशींचं आणि वाऱ्याचं. उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा, तो तरंगणारं सगळं पूर्वेला, म्हणजे घाटावर आणतो. म्हशीवाल्या मामांशी बोललो. त्यांचं म्हणणं रास्त होतं, “म्हसरं न्यायची कुठं?” सांडव्याखाली जुनी डोणी होती, ती दुरुस्त करून नळ दिला. निम्मी म्हसरं तिकडं जायला लागली. निम्मी अजून तळ्यातच.

घाटासमोर तरंगता कचरा अडवायला तरंगता अडसर टाकला. आधी जाळीत बाटल्या भरून केला होता. उन्हानं जाळी पिचली आणि बाटल्याच तळ्यात पसरल्या. आता चार इंची पाइपाचे तुकडे, दोन्ही टोकांना सॉल्व्हंट लावून एंड कॅप, आणि खाली दीड फूट शेडनेट. प्रत्येक तुकडा पिंपात बुडवून बुडबुडे येतात का पाहिलं, मगच दोरीला बांधला.

पत्र्याची आठ इंची थाळी आळीपाळीनं काळ्या-पांढऱ्या चार भागांत रंगवून दोरीनं पाण्यात सोडतो. कुठवर दिसते ते मोजायचं. कॅनडाच्या पोहण्याच्या पाण्याच्या निकषात ती १.२ मीटरपर्यंत दिसावी असं आहे. घाटावर हातभरही दिसत नव्हती. म्हणजे मुटका मारलेला पोरगा वर आला नाही तर तो कुठं आहे ते काठावरून कळणार नाही. जंतूंच्या नादात हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता शिकाऊ पोरांच्या जागेला दोरी बांधली आहे आणि दोरीच्या आत एक मोठा माणूस पाण्यात उभा असतो.

४ मे

सकाळी घाटावर पाणी हिरवं, पोपटी ऑइलपेंट ओतल्यासारखं. साधं शेवाळ की निळंहिरवं, हे घरी बघता येतं. पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर न हलवता फ्रिजमध्ये ठेवायचं. साधं हिरवं शेवाळ तळाला बसतं, निळंहिरवं वर तरंगतं. आमचं वर आलं. यातल्या काही जाती विष करतात. कातडीला पुरळ येतं, पोटात गेलं तर उलट्या, यकृताला इजा. ते विष उकळूनही जात नाही.

पोहणं बंद केलं. लगेच सल्लागार जमले. पहिला म्हणाला मोरचूद टाका. मोरचुदानं शेवाळ मरतं, पण मरताना पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात येतं. दुसऱ्याचा आग्रह टीसीएलचा, म्हणजे ब्लिचिंग पावडरीचा, विहिरीत टाकतो तशी. हिशोब मांडून दाखवला. दोन एकर, सरासरी दोन मीटर खोली, म्हणजे साधारण १ कोटी ६० लाख लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरले तर एका वेळेला ८० किलो. ते क्लोरीन शेवाळ आणि गाळ खाऊन टाकणार, मासे मरणार, आणि संध्याकाळी जाळी तुंबली की पुन्हा मूळपदावर. बंद विहिरीचं औषध उघड्या तळ्याला चालत नाही. तिसरा जीवाणूंचं द्रावण विकणारा होता. आधीच्या कुठल्या तळ्याचे कोलिफॉर्मचे अहवाल आहेत का असं विचारलं, तो पुन्हा आला नाही.

शेवाळाला खत लागतं. सांडपाणी आणि शेण हेच ते खत, आणि वर्षानुवर्षांचं गाळात साठलेलं आहे. धार तोडली तरी गाळ देत राहणार. वारा फिरला तसा तवंग विरळ झाला. दोन बाटल्या लागोपाठ स्वच्छ आल्या तेव्हा घाट उघडला.

२४ मे

या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच आला. धो धो. बांध, जाळी, चेंबर सगळं पाण्याखाली. आमची पाइपलाइन उन्हाळ्याच्या धारेपुरती आहे, ओढ्याच्या पुरापुढं ती काहीच नाही. वर्षभर गटारांत साचलेलं सगळं पहिल्या पावसात तळ्यात येतं. पोरांना मात्र नवं पाणी आलं की सूर मारायचा असतो. काठावर उभं राहून अक्षरशः हाकलली.

मुद्दाम नमुना घेतला, घाट ९२००. शिवाय लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती. उंदरांचं मूत या पाण्यात मिसळतं आणि पायाला साधी चीर असली तरी जंतू आत जातो. पावसानंतर पाण्यात उतरलेल्याला ताप आला तर ‘मी तळ्यात पोहलो होतो’ हे डॉक्टरांना सांगायचं, असं फलकावर लिहिलं आहे.

१५ जून

लॅबचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे आज हातात येतो तो तीन दिवसांपूर्वीच्या पाण्याचा. आज पोहायचं का, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून झेंडे सुरू केले, आणि ते पावसावर चालतात. टपरीच्या छपरावर सरळ बाजूंची बरणी आणि शाळेतली पट्टी. चोवीस तासांत बोटभर पाणी साठलं की लाल झेंडा, पाऊस थांबल्यावर तीन दिवस. बाटलीत हिरवं वर तरंगलं की लाल. जाळी तुंबून पाणी बांधावरून गेलं की लाल. बाकी दिवस हिरवा. बोटभर हा आकडा आमच्या तळ्याचा आहे. तुमच्याकडे गटारं जास्त असतील तर त्याहून कमी धरा, आणि दोन-तीन पावसांनंतर नमुने घेऊन तो ताडून बघा.

पांढरा झेंडाही ठेवला होता, ‘जपून पोहा’ यासाठी. लोकांनी त्याचा अर्थ हिरवा असाच घेतला. काढून टाकला.

१४ सप्टेंबर

विसर्जन झालं. मूर्तींसाठी काठावर वेगळा हौद केला होता, तरी बऱ्याच तळ्यात गेल्या. घाटापुढचा तळ बांबूनं चाचपला. लाकडी पाट, खिळे, लोखंडी सळ्यांचे सांगाडे. हे काम अनवाणी करू नका. घाट पुरता मोकळा होईपर्यंत लाल झेंडा.

केरळच्या अमिबाच्या बातम्या वाचून लोक विचारतात. तो जंतू गोड्या, कोमट, साचलेल्या पाण्यात असतो आणि नाकावाटे मेंदूत जातो, पाणी पोटात गेल्यानं होत नाही. लागण विरळा, पण झाली तर बहुतेक वेळा जीव जातो. आमच्या चाचणीत तो दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरून कोमट झालं की काठाचा गाळ ढवळायचा नाही, मुटका मारताना नाक दाबायचं, आणि नाकाची क्लिप पन्नास-साठ रुपयांना मिळते, एवढंच सांगतो.

बाकी राहिलेलं : जाळीचे दोन गज गंजलेत. दादांचे दोन महिन्यांचे पैसे द्यायचे आहेत. उरलेल्या म्हशींसाठी दुसरी डोणी. गल्लीतल्या टाक्या उपसायला गाडी दिवाळीनंतर ठरली आहे, खेपेला अडीच हजार, निम्मे घरवाल्याचे आणि निम्मे वर्गणीतून. तीन घरांनी टाकीवर फरशी घातली आहे, झाकण कुठं आहे ते त्यांनाही आठवत नाही. गाडी यायच्या आधी ती शोधून ठेवायची.